व्हिक्टोरियन लंडन: काय पाहावं आणि व्हिडिओत कसं टिपावं

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कला आणि वास्तू पाहायच्या, एवढंच मनात धरून आम्ही मैत्रिणी लंडनला गेलो. राजवाडा, मेणाचे पुतळे, मोठा पाळणा हे सगळं यादीतून आधीच काढून टाकलं होतं. त्या फेरीचा पाऊण तासाचा व्हिडिओ आता मित्रमंडळींत फिरतोय. पाहणारे दोन प्रश्न हटकून विचारतात: हे सगळं नेमकं आहे कुठे, आणि आत कॅमेरा चालतो का? जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

या काळातली कला फक्त चौकटीत टांगलेली नाही. फरशी, छत, जिना, शेकोटी, खिडकीची काच, जिथे हात पोचला तिथे कोणीतरी जीव ओतून काम केलंय. एका फोटोत त्यातला एकच तुकडा येतो. व्हिडिओत नजर फरशीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून घुमटात जाते, तेव्हा खोलीचा आवाका कळतो. मात्र कॅमेरा अगदी सावकाश फिरवायला हवा. एका जागी उभं राहा, दोन्ही कोपर अंगाला टेकवा आणि खालून वर जायला निदान वीस सेकंद घ्या. भरभर फिरवलं की नक्षीचा नुसता लगदा दिसतो.

याचा खरा प्रत्यय लेटन हाऊसमध्ये येतो. हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनपासून चालत जाता येतं. चित्रकार फ्रेडरिक लेटनने १८६० च्या दशकात हे घर बांधायला घेतलं आणि पुढे तीसएक वर्षं तो त्यात भर घालत राहिला. बाहेरून साधं विटांचं घर. आत शिरलं की विल्यम डी मॉर्गनच्या निळ्या फरश्यांची खोली लागते आणि तिच्यापलीकडे अरब हॉल. १८७७ मध्ये त्याचं काम सुरू झालं. भिंतींवर दमास्कसहून आणलेल्या जुन्या फरश्या, त्यांच्यावर वॉल्टर क्रेनचा सोनेरी मोझेइक पट्टा, वर घुमट आणि मधोमध काळ्या दगडात बारीक कारंजं. इथे बोलू नका, पाण्याचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या. आमच्या व्हिडिओतला सगळ्यांत आवडलेला भाग हाच, आणि त्यात एकही शब्द नाही. वरच्या मजल्यावर प्रचंड स्टुडिओ आहे, पण इतक्या मोठ्या घरात झोपायची खोली एकच आणि तीही साधी. ती चुकवू नका, त्या माणसाचं आयुष्य कशाभोवती फिरत होतं ते तिथे कळतं.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला तिकीट नाही आणि शुक्रवारी ते रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाटेने थेट जवळ पोचता येतं. इतर काही राहिलं तरी चालेल, पण उपाहारगृहाच्या तीन जुन्या खोल्यांत चहा प्याच. संग्रहालयात खाण्यापिण्याची अशी सोय जगात पहिल्यांदा इथेच झाली असं सांगतात. हिरवी खोली नक्षीकार विल्यम मॉरिसच्या कंपनीने सजवलेली आहे. चित्रकार एडवर्ड पॉइंटरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, निळ्या फरश्यांच्या खोलीतल्या बऱ्याच फरश्या तिथल्या कलाशाळेच्या विद्यार्थिनींनी रंगवल्या आहेत. त्या काळात मुलींच्या हातचं काम अशा सार्वजनिक जागी लागावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. या खोल्या सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, नंतर प्रत्येक शॉटमध्ये ट्रे आणि डोकी येतात.

मुंबईकरांना इथे ओळखीचं माणूसही भेटतं. या इमारतीच्या सजावटीवर काम केलेला लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत येऊन जे. जे. कलाशाळेत शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याचीच. तसंच सेंट पॅन्क्रस स्टेशनचं. त्याच्या दर्शनी बाजूचं हॉटेल उभारणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हाच आपल्या राजाबाई टॉवरचा वास्तुविशारद, आणि तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. सेंट पॅन्क्रसचे मनोरे आणि कमानी पाहिल्या की व्हीटी डोळ्यांपुढे उभं राहतं. व्हिडिओत मी ही दोन दृश्यं शेजारी शेजारी ठेवली आहेत, मुंबईचं जुनं चित्रण होतंच. आतल्या फलाटांवरचं लोखंडी छप्पर १८६८ चं, त्याचा गाळा सुमारे ७३ मीटरचा आणि मधे एकही खांब नाही.

टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात पिम्लिको स्टेशनवरून जा. चित्रकार जॉन एव्हरेट मिलेचं 'ओफेलिया', म्हणजे 'हॅम्लेट' नाटकातली पाण्यात बुडणारी नायिका, हे चित्र तिथलं. नदीकाठ त्याने १८५१ मध्ये सरे परगण्यात प्रत्यक्ष बसून रंगवला आणि चित्रासाठी मॉडेल झालेल्या एलिझाबेथ सिडलला लंडनमध्ये पाण्याने भरलेल्या टबात पडून राहावं लागलं. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवलेले होते. चित्रांवर काच असते, म्हणून समोरून न घेता किंचित बाजूने घ्या. अशी चित्रं कधी कधी दुसऱ्या शहरांत प्रदर्शनाला जातात, त्यामुळे निघण्याआधी संकेतस्थळावर खात्री करा.

रेड हाऊस बेक्सलीहीथला आहे. लंडन ब्रिजहून लोकल पकडायची आणि स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. फिलिप वेबने १८५९ मध्ये हे घर तरुण विल्यम मॉरिससाठी आखलं. मॉरिस तिथे जेमतेम पाच वर्षं राहिला. छताच्या गिलाव्यात नक्षीसाठी टोचलेली बारीक भोकं अजून दिसतात. रंगवणाऱ्या मित्रांना रेघ सापडावी म्हणून ती केलेली. खोल्यांत उजेड कमी असतो, फोन खिडकीकडे वळवला की सगळं काळवंडतं. खिडकी पाठीशी ठेवा.

एक पूर्ण दिवस कॉम्प्टनसाठी राखून ठेवा. वॉटर्लूहून गिल्डफर्ड, पुढे बस. चित्रकार जी. एफ. वॉट्सची गॅलरी तिथे आहेच, पण मी सांगेन ते स्मशानभूमीतल्या छोट्या चॅपलबद्दल. ते त्याची बायको मेरी वॉट्सने उभारलं. जवळच्याच मातीपासून गावकऱ्यांना टेराकोटा शिकवला आणि त्यांच्याच हातून बाहेरची सगळी नक्षी घडवून घेतली. आत गोलाकार भिंतीवर देवदूत, वेली, सोनेरी-लाल-हिरवे रंग. मधोमध उभं राहून एक पूर्ण गिरकी घ्या, तेवढं पुरे. गावातल्या साध्या माणसांनी केलेलं हे काम मला राजधानीतल्या कितीतरी वैभवापेक्षा मोलाचं वाटतं. प्रार्थनेची जागा आहे आणि बाहेर कबरी आहेत, तिथे आलेल्या माणसांवर कॅमेरा रोखू नका.

नियम बहुतेक ठिकाणी सारखेच: फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, सेल्फी स्टिक नाही. स्वतःसाठी चित्रण चालतं, पण उसन्या आणलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनात मनाई असू शकते, म्हणून पाटी वाचा. व्हिडिओतून पैसे कमवायचे असतील तर आधी परवानगी काढावी लागते. दालनात कुजबुजून केलेलं निवेदन ऐकू येत नाही. घरी येऊन मराठीत सावकाश बोलून ते वर चढवा. कुठलंही सिनेमाचं गाणं मागे लावू नका, हक्कांच्या तक्रारीने आवाजच बंद होऊ शकतो.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर बारीक नक्षीची वाट लागते, कारण फाइल दाबताना आधी तपशीलच जातो. यूट्यूबवर, लिंक असेल त्यालाच दिसेल अशा सोयीने चढवा आणि लिंक पाठवा. खाली प्रत्येक ठिकाणाची वेळ लिहा, म्हणजे घरातल्या थोरामोठ्यांना हवं ते लगेच काढता येतं.

आखणी करताना बंद असण्याचे वार आधी बघा. लेटन हाऊस आठवड्यात एक दिवस बंद असतं, रेड हाऊस तर मोजक्याच दिवशी उघडतं. ते दोन दिवस पक्के करा आणि बाकीचं त्यांच्या आजूबाजूला बसवा.