'सायमीज ड्रीम'चे गिटार-थर : नोंद ३, भर पावसातली

स्मॅशिंग पम्पकिन्स या अमेरिकन रॉक बँडच्या या दुसऱ्या अल्बममधली (१९९३) गिटारची भिंत, म्हणजे एकावर एक रेकॉर्ड केलेले थर, घरच्या खोलीत उभी करायचं काम निम्म्यावर आलंय. १३ पैकी ६ गाण्यांचे रिदम (कॉर्डच्या साथीचे) थर झाले.

या खेपेचा मोठा बदल म्हणजे सस्टेन. आधीच्या टेकना (रेकॉर्डिंगच्या खेपांना) बिग मफ या फझ (आवाज फाडणाऱ्या) पेडलचं सस्टेन, म्हणजे फाटकेपणा वाढवणारं बटण, पूर्ण उघडलेलं होतं. एकटी गिटार भारदस्त लागे, पण चार थर एकत्र वाजले की नुसती घोंघों. फझ प्रत्येक स्वराला इतके हार्मॉनिक चिकटवतो की पिकचा आघातच बुडतो. आता बटणाची खूण घड्याळाच्या काट्यासारखी धरली तर सस्टेन अकरावर, टोन एकवर. अ‍ॅम्पचा मिड ७ ला, कारण मधला पट्टा मफ आधीच खाऊन टाकतो. पेडल शक्यतो ऑप-अँपवालं (ट्रान्झिस्टरऐवजी आयसी चिप असलेलं) घ्या. २०१७ पासून ते पुन्हा नवं मिळतं. ट्रान्झिस्टरवाला मफ चालतो, पण त्याचा पोत गुळगुळीत. या अल्बमचा दाणा खरखरीत आहे.

थर : दोन डावीकडे, दोन उजवीकडे, चारही वेगवेगळे वाजवलेले. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज वाढतो, रुंदी शून्य. मूळ अल्बम टेपवर झाला. निर्माते बुच विग आणि बँडचा गायक-गिटारिस्ट बिली कॉर्गन. बहुतेक गिटार आणि बेस कॉर्गननेच वाजवले, थरावर थर चढवत. हातातला तो मिलिसेकंदांचा फरक हीच सगळी रुंदी. तिसऱ्या-चौथ्या थराला पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) बदला, कॉर्ड वरच्या फ्रेटवर धरा. सगळ्या थरांना १०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर). खालची जागा बेसची.

ट्यूनिंग प्रत्येक टेकआधी तपासायचंच. पातळ ई तार ३३० हर्ट्झची. दोन थरांत ५ सेंटचा, म्हणजे एका फ्रेटच्या विसाव्या भागाचा, फरक पडला तरी सेकंदाला जवळपास एक हेलकावा येतो, आणि फझ तो आणखी उघडा पाडतो.

आता पाऊस. जुलैत गोव्याच्या दमट हवेत फ्रेटबोर्ड फुगतो, नेक मागे वाकते, पहिल्या फ्रेट्सवर तार खरखरते. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि तार व सातवा फ्रेट यांतली फट बघा : ०.२५ मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर ट्रस रॉड (नेकमधली, तिचा वाक बदलणारी सळई) पाव फेरा सैल करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. गिटार केसमध्येच ठेवा, सोबत सिलिका जेल.

फोंड्यातल्या या खोलीवर मंगलोरी कौलं आहेत. सर आली की टपटप थेट माइकमध्ये. एसएम५७ माइक अ‍ॅम्पच्या जाळीपासून २ सेंमीवर, स्पीकरच्या कोनच्या मध्य आणि कडेच्या अधेमध्ये ठेवला आणि कॅबिनेटच्या मागे-वर गोधडी टाकली, तेव्हा रिदम थरांत पाऊस ऐकू येईनासा झाला. हळू वाजवायच्या भागांना मात्र सर थांबायची वाट बघावीच लागते.

गुणगुण : सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर नको. पूर्ण किंवा बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा, पेडलचा नाही.

चवथीआधी बाकीच्या ७ गाण्यांचे रिदम थर, मग लीड (सोलोची गिटार). लीडला सस्टेन पुन्हा वर, घड्याळातल्या दोनपर्यंत न्यायचंय, कारण तिथे थर एकच असेल.