तुम्ही विचारलंत म्हणून: दर उन्हाळ्यात हा घाट कशासाठी?

सोसायटीच्या उन्हाळी कार्यक्रमांची वही घेऊन मी दारोदार फिरायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. मुलांना सुटीतले क्लास आहेत, मोठ्यांच्या हातात मोबाइल आहे, जमेल ते बाहेरगावी जातात. मग मागे उरलेल्या मंडळींसाठी सकाळचा व्यायाम, संध्याकाळचे खेळ, वाचन, दुरुस्तीची बैठक असा खटाटोप कशाला? विचारणाऱ्यांचा सूर बहुतेक वेळा काळजीचाच असतो. पण जिन्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मागे उरलेली मंडळी, हेच माझं उत्तर आहे.

उन्हाळ्यात इमारती मिटून जातात. ऊन चढलं की खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात, दारं बंद होतात. शेजारचं कुटुंब गावाला गेलेलं असतं. एरवी जे काका रोज लिफ्टपाशी भेटायचे ते आठ-आठ दिवस दिसत नाहीत आणि आपण मनाशी म्हणतो, उन्हामुळे बाहेर पडत नसतील. तेवढ्यावर विषय संपतो.

आणि उन्हाचा तडाखा नेमका अशाच माणसाला बसतो. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान लागल्याचं चटकन कळत नाही. आपलं अंग तापतंय हे त्या व्यक्तीला स्वतःला उशिरा उमगतं. पंख्याचा भरवसा वाटतो, पण खोलीतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो आणि शरीर आणखी तापतं. अशा वेळी पंखा लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलणं अडखळतंय, उत्तरं भलतीच येताहेत, हे लक्षात यायला समोर दुसरं माणूस असावं लागतं. तेही असं, की ज्याला यांचं रोजचं बोलणं कसं असतं ते ठाऊक आहे. अनोळखी माणसाला वाटेल, आजींचा स्वभावच तसा असेल.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली. पारा ४१ अंशांपर्यंत गेला आणि आठवडाभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. ऊन तेच, म्हाताऱ्या माणसांमधली गरिबी जवळपास तेवढीच, त्यांच्यातल्या एकट्या राहणाऱ्यांचं प्रमाणही साधारण सारखं. तरी उत्तरेकडच्या वस्तीत उष्म्याने दर लाखामागे ४० जण गेले आणि दक्षिणेकडच्या वस्तीत चाराहून कमी. दक्षिणेकडे रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती, म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त होतं आणि बाहेर त्यांना ओळखणारं कोणीतरी होतं. उत्तरेकडे दुकानं उठली होती, घरं पडून रिकामी जागा झाल्या होत्या, आणि माणसं भीतीने दार लावून आत बसली होती.

याच लाटेचा वैद्यकीय अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि एकट्या राहणाऱ्यांना धोका सगळ्यात जास्त होता. ज्यांच्याकडे चालू एसी होता त्यांना कमी, हे कोणीही सांगेल. पण चारचौघांच्या उपक्रमांत जे जात होते, जवळपास ज्यांचे मित्र होते, त्यांनाही धोका कमी असल्याचं त्यात आढळलं. हे वाचलं त्या दिवसापासून कॅरमच्या डावाकडे नुसती करमणूक म्हणून बघणं मला जमत नाही.

म्हणूनच आमच्या कार्यक्रमांत मंच नसतो, प्रमुख पाहुणे नसतात, भोंगे नसतात. मोठा सोहळा एका रात्रीत होतो, लोक रांगेने बसून बघतात आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होतं हे न कळता घरी जातात. त्यात वाईट काही नाही, पण मला हवं ते त्यातून हाती लागत नाही. मला हवं ते छोटं, ठरल्या वेळेला, पुन्हा पुन्हा होणारं. जपानमध्ये १९२८ साली रेडिओवरून व्यायाम सुरू झाले, आणि तिथे उन्हाळी सुटीत मुलं सकाळी लवकर जवळच्या मोकळ्या जागेत जमून रेडिओच्या तालावर ते करतात. येईल त्याच्या कार्डावर हजेरीचा शिक्का बसतो. खर्च जवळजवळ नाहीच, दहा मिनिटांत सगळं आटोपतं. आणि रोजची गाठ असल्यामुळे, आज अमुक आला नाही, हे लगेच लक्षात येतं. मला या कल्पनेतलं सर्वांत मोलाचं तेच वाटतं.

आता वहीबद्दल. सूचनाफलकावर 'सर्वांनी उपस्थित राहावे' असं लिहिलं तर जे एरवीही येतात तेच येतात. एकटं राहणारं माणूस तसल्या आमंत्रणाला उठत नाही, कारण आपण गेलो नाही तर कोणाचं अडणार आहे, असं त्याला वाटतं. त्यामुळे वहीत नाव आणि घर क्रमांकाच्या पुढे मी एक रकाना आखलाय: तुम्हाला काय शिकवता येईल? हा रकाना बघून बरेच जण 'मला काय येतंय' म्हणतात आणि वही परत देतात. मी दारातून हलत नाही. थोडं थांबलं की काहीतरी निघतंच.

वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी खूप आढेवेढे घेऊन 'घड्याळ' एवढंच लिहिलं. त्यांचं बाहेर येणं-जाणं फार नव्हतं. बैठकीच्या दिवशी ते किल्लीचं एक जुनं भिंतीवरचं घड्याळ घेऊन उतरले. टेबलावर पांढरं फडकं पसरलं, मागचं झाकण काढलं आणि मुलांना म्हणाले, "हात लावायचा नाही, आधी नुसतं बघा." पोरांची डोकी एकमेकांवर आपटत होती. लंबक हलला की हुकासारखा एक छोटा तुकडा दातेरी चाकाचा एकच दात सोडायचा आणि पुढचा अडवायचा, आणि त्या सोडण्या-अडवण्याचीच टिकटिक होत होती. एका मुलीने विचारलं, हा तुकडा काढला तर काय होईल? आजोबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "सगळी चाकं एकदम सुटतील, आणि किल्ली क्षणात उतरून जाईल." मग तिला जवळ ओढून भिंग तिच्या हातात दिलं. पुढे ती मुलं दुपारी त्यांच्या दारावर थाप मारून बंद पडलेली घड्याळं दाखवायला जाऊ लागली. ही ये-जा कुठल्याही फलकावर लिहून सुरू करता आली नसती.

वेळेचंही सांगते, कारण तिथे अनेकांची गफलत होते. सूर्य मावळला म्हणजे गारवा आला असं नसतं. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, त्यामुळे संध्याकाळी सातला पार्किंगची फरशी तापलेलीच असते. मातीवर, झाडाखाली बसावं, नाहीतर सरळ सकाळी लवकर जमावं. पाणी आणि पाठीला टेक असलेल्या खुर्च्या आधी, बाकीचं सजावटीचं नंतर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टेकायला जागा नाही हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी ते येत नाही, आणि का आलं नाही ते सांगतही नाही.

आवाजाच्या तक्रारी येतात, त्या ऐकून घेते आणि खेळ वेळेत थांबवते.

राहता राहिली वही. कार्यक्रम संपले तरी ती माळ्यावर जात नाही. उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की मी ती काढते. कोण एकटं आहे, कोण वरच्या मजल्यावर आहे, कोणाची मुलं लांब आहेत, हे एव्हाना त्यात जागोजागी लिहून ठेवलेलं असतं. आम्ही काही जण घरं वाटून घेतो. सकाळी एक फोन आणि दुपारचं ऊन उतरायच्या आत दुसरा. ज्याची ओळख कॅरमच्या पटावर किंवा घड्याळाच्या टेबलावर झाली, त्यानेच त्या घरी फोन करायचा, म्हणजे बोलणं तब्येतीपाशी अडत नाही आणि समोरच्यालाही आपली चौकशी चालल्यासारखं वाटत नाही. फोन उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा. तेव्हाही उचलला नाही तर वर जायचं, दार वाजवायचं, आणि आतून उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.