चीझमन कॅन्यनचा हिवाळा आणि जिऱ्याएवढी माशी

जानेवारीत ट्राउट (थंड, गोड्या पाण्यातला मासा) धरायला निघालो म्हटलं की कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नदी गोठत नाही का रे?" साउथ प्लॅट नदी बऱ्याच ठिकाणी गोठते. चीझमन धरणाखाली मात्र ती वाहती राहते. हे दगडी धरण १९०५ साली पुरं झालं, उंची २२१ फूट, आणि आजही डेन्व्हरच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते वापरात आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड होतं. त्यामुळे जलाशयावर बर्फ धरला तरी तळाला चार अंशांच्या आसपासचं पाणी असतं, आणि खालून नदीत सोडतात ते हेच.

२८५ नंबरचा हायवे धरायचा, पाइन जंक्शनला डावीकडे वळायचं आणि गिल ट्रेल या पायवाटेच्या पार्किंगला गाडी लावायची. पुढे पायी टेकडी ओलांडावी लागते. उतारावर सावलीतला बर्फ दगडासारखा घट्ट झालेला असतो, म्हणून बुटांना खिळ्यांच्या साखळ्या हव्यातच. भल्या पहाटे निघण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात मासा दहानंतर जागचा हलतो आणि ऊन कड्याआड गेलं की पुन्हा थंडावतो.

या वेळी बरोबर नागपूरचा मित्र होता, उन्हाळ्यात फ्लाय फिशिंग शिकलेला, म्हणजे गळावर दोरा-लोकर बांधून केलेल्या नकली किड्याने (यालाच 'माशी' म्हणायचं) मासा धरणं. त्याच्या डबीत मोठ्या, केसाळ माश्या होत्या. मी त्याला काठालगतच्या उथळ पाण्यातला एक दगड उचलून उलटा करायला सांगितला. खालच्या शेवाळात बारीक लाल आणि काळपट अळ्या वळवळत होत्या. या मिजच्या, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या बारीक किड्याच्या, अळ्या. बाकीचे किडे थंडीत दुर्मीळ होतात, मिज मात्र बाराही महिने पाण्यातून वर येत राहते. ट्राउटचं हिवाळ्यातलं जेवण मुख्यतः हेच, म्हणून आपली माशीही तेवढीच हवी. २२ नंबरच्या गळावर बांधलेली माशी तळहातावर ठेवली तर जिऱ्याच्या दाण्याएवढी दिसते. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांसाठी.)

माझ्या डबीत तेव्हा तीनच प्रकार होते. काळा झेब्रा मिज: नुसता दोरा, त्यावर रुपेरी तारेचे वेढे, डोक्याशी मणी. ब्रासी: अंगभर तांब्याची तार, १९६०च्या दशकात याच नदीवर जन्मलेली. आणि आरएस-२, डेन्व्हरच्या रिम चंग यांनी बीव्हरच्या राखाडी लोकरीतून घडवलेली. 'रिम्स सेम्ब्लन्स' हे तिचं पूर्ण नाव. माझा सर्वांत जास्त जीव हिच्यावर आहे. पृष्ठभागाकडे निघालेला किडा इतक्या कमी सामानात कुणी उभा केलेला मी पाहिला नाही.

मित्राला दोन माश्यांची जोडी बांधून दिली: वर ब्रासी, तिच्यामागे हातभर अंतरावर आरएस-२, टिपेट (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) ६एक्स जाडीचा. वर छोटं शिसं आणि त्याच्याही वर तरंगणारा इंडिकेटर, माशाने माशी तोंडात घेतली की हलणारी खूण. दोन-चारदा टाकून काही लागेना, तसा तो माशी बदलायला लागला. "थांब, माशी राहू दे. आधी शिसं वाढव."

माझं ठाम मत आहे की हिवाळ्यात माशीच्या निवडीपेक्षा खोली महत्त्वाची. थंड पाण्यात ट्राउटचं शरीर मंदावतं. प्रवाहाशी झगडण्यात तो ताकद घालवत नाही, संथ डोहात तळाशी पडून राहतो आणि घासासाठी वीतभरच सरकतो. माशी त्याच्या तोंडासमोरून, पाण्याच्याच वेगाने जायला हवी. दोरीचा ताण बसून ती जराशी ओढली गेली तरी मासा तिच्याकडे बघत नाही. म्हणून टाकल्यावर लगेच दोरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून ठेवायची, आणि माशी अधूनमधून तळाला घासेपर्यंत शिसं एकेक कण वाढवत न्यायचं.

त्याने तसं केलं. इंडिकेटर बुडाला नाही, फक्त क्षणभर अडखळला. त्याच क्षणी पाण्याखाली पांढरं काहीतरी उघडून मिटलं. ते माशाचं तोंड. "उचल!" त्याने रॉड उचलला आणि अंगावर गुलाबी पट्टा असलेला जाडजूड रेनबो ट्राउट डोहाच्या मध्यात उसळला.

इथे मासा सोडून द्यावाच लागतो, आणि माशीही कृत्रिमच लागते. पारा शून्याखाली असताना मासा हवेत धरून फोटो काढू नये. त्याचे ओले कल्ले नाजूक असतात, कडक थंडीत गोठतात. जाळं पाण्यातच ठेवून गळ सोडवायचा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकला असेल तर दोन सेकंदांचं काम. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर ओरबाडू नका, टोक पाण्यात बुडवा, आपोआप सुटतो.

आणि पाण्यात उतरताना पायाखाली बघा. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, ती हिवाळाभर खडीत पुरलेली असतात. तळावर आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखी स्वच्छ खडी दिसली की ते घरटं. तिथून वळसा घालून जा, समोरच्या डोहात कितीही मोठा मासा दिसत असला तरी.