पेले, मॅराडोना की मेस्सी? आधी मोजायचं काय ते ठरवा

सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण, हा विषय निघाला की पहिल्यांदा पुढे येतात ते पेलेचे १,२७९ गोल. लगेच कोणीतरी हरकत घेतो की त्यात मैत्रीपूर्ण सामने आहेत, लष्करी संघाकडून केलेले गोलही आहेत. हरकत बरोबर आहे. फक्त अधिकृत सामने धरले तर आकडा साडेसातशेच्या वर राहतो. पण एवढ्यावरून पेलेला खाली ओढणं चूक आहे. पेलेचा ब्राझीलमधला क्लब सांतोस जगभर दौरे करून पैसे कमवायचा, आणि त्या दौऱ्यांत युरोपातले तगडे क्लबही समोर असायचे.

'पेले युरोपात खेळलाच नाही' हे वाक्य तर हमखास ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणून १९६२ चा इंटरकॉन्टिनेन्टल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधली लढत, सांगावा. पोर्तुगालचा बेनफिका तेव्हा सलग दोनदा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकलेला संघ, त्यात युसेबिओसारखा स्ट्रायकर. लिस्बनमध्ये, त्यांच्याच मैदानावर सांतोसने ५-२ ने सामना मारला आणि त्यात पेलेची हॅटट्रिक होती.

दोन काळांतले गोल शेजारी मांडताना नियम बघितलेच पाहिजेत. विश्वचषकात पिवळं-लाल कार्ड आणि बदली खेळाडू आले ते १९७० मध्ये. १९६६ ला पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला इतकं तुडवलं की उरलेला सामना त्याने लंगडत काढला, कारण त्याच्या जागी कोणाला उतरवायची सोयच नव्हती. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याची सक्ती १९९८ च्या विश्वचषकाच्या वेळची. मेस्सी आणि क्रिस्तियानो रोनाल्डो वाढले ते या संरक्षणात. हा त्यांचा दोष नाही, पण जुन्या खेळाडूंच्या आकड्यांना जास्त वजन द्यावं लागतं.

मॅराडोनाचं मोजमाप गोलांत होतच नाही. अर्जेंटिनासाठी ९१ सामन्यांत ३४ गोल, हा आकडा बघून नवा प्रेक्षक गोंधळतो. १९८६ चा विश्वचषक उघडून बघा: अर्जेंटिनाचे एकूण १४ गोल, त्यातले ५ त्याचे आणि ५ त्याच्या पासवर. त्याच्या पाचांत पेनल्टी एकही नाही. इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल संथ गतीत पाहावा. स्वतःच्या अर्ध्यात चेंडू मिळतो, बियर्डस्ली आणि रीड यांच्यामधून तो जागेवर गरकन फिरतो, मग बुचर, फेनविक, शेवटी गोलरक्षक शिल्टन यांना चकवतो. चेंडूला उजवा पाय कुठेच लागत नाही. समोरच्याला माहीत असतं की हा डाव्यानेच नेणार, तरी अडवता येत नाही. एका स्पर्धेपुरता विचार केला तर याच्यावर कोणी नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि नापोलीला विसरू नका. ज्या क्लबने इटालियन लीग कधीच जिंकली नव्हती, त्याला त्याने १९८७ आणि १९९० मध्ये ती जिंकून दिली.

तरीही माझं मत मेस्सीला, आणि कारण २०२२ चा विश्वचषक नाही. त्या स्पर्धेतल्या त्याच्या ७ गोलांत ४ पेनल्टी होत्या, हे त्याच्या चाहत्यांनी लपवू नये. खरं कारण असं की एकच माणूस गोल करणारा आणि गोल घडवणारा, दोन्हींत अव्वल राहिला. २०११-१२ च्या ला लीगामध्ये (स्पेनची लीग) त्याचे ५० गोल. २०१९-२० मध्ये २५ गोल आणि २१ असिस्ट (गोल घडवणारे पास), दोन्ही याद्यांत पहिला. त्या वेळी तो तिशी ओलांडून गेला होता. २०२२ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये ३५ वर्षांच्या मेस्सीने २० वर्षांच्या बचावपटू ग्वार्डिओलला उजव्या कडेने ओढत नेलं, थांबला, वळला, पुन्हा निसटला आणि सहकारी अल्वारेझला आयता गोल दिला. वेग कमी झालेला असताना हे जमतं ते फक्त वेळ साधण्याच्या जोरावर.

रोनाल्डो गोल करणारा म्हणून अफाट: चॅम्पियन्स लीगमध्ये १४० गोल, हेडर, दोन्ही पाय. पण २०२२ पर्यंतच्या पाच विश्वचषकांत बाद फेरीत त्याचा एकही गोल नाही, आणि खेळ रचण्यात तो मेस्सीच्या जवळ येत नाही.

बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मोजून निकाल लावू पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की १९९५ पर्यंत तो फक्त युरोपीय खेळाडूंना मिळायचा. पेले आणि मॅराडोना शर्यतीतच नव्हते.

विश्वचषक जिंकलेलाच हवा, ही अटही अशीच फसवी. ती लावली की नेदरलँड्सचा क्रायफ बाहेर आणि रियाल माद्रिदचा डी स्टेफानोही बाहेर. डी स्टेफानो १९६२ मध्ये स्पेनच्या संघात होता, पण दुखापतीमुळे विश्वचषकाचा एकही सामना खेळला नाही. रियाल माद्रिदने १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन कप जिंकले, त्या पाचही फायनलमध्ये त्याचा गोल आहे. १९६० ला ग्लासगोत फ्रँकफर्टला ७-३ ने हरवलं, त्यात पुस्कासचे चार आणि याचे तीन. मागे येऊन चेंडू घेणं, मधून खेळ चालवणं आणि पुढे जाऊन गोल करणं ही तिन्ही कामं तो एकटा करायचा. पहिल्या पाचांत त्याचं नाव नसेल तर ती यादी मी तरी मानणार नाही.