ब्लफ कुठे मारायचा, कुठे गप्प बसायचं

पोकरच्या लाइव्ह कॅश गेममधले (समोरासमोर, खऱ्या पैशांवर) बरेच हौशी खेळाडू एक जोडी लागली की फोल्डच करत नाहीत, म्हणजे पत्ते टाकतच नाहीत. अशा माणसापुढे ब्लफ मारणं (कमजोर पत्त्यांवर पैसे लावून त्याला पळवायला बघणं) म्हणजे चिप्स दान करणं. म्हणून आधी माणूस बघा, मग पत्ते.

मग हिशोब. पॉट (मध्ये जमलेले पैसे) १२,००० चा आणि तुमची बेट (तुम्ही लावलेली रक्कम) ९,००० ची असेल, तर ९ भागिले २१ (१२ अधिक ९), म्हणजे ब्लफ परवडायला समोरच्याने साधारण ४३ टक्के वेळा तरी पत्ते टाकले पाहिजेत. समोर दोघे असले आणि प्रत्येक जण ६० टक्के वेळा टाकत असला, तरी दोघेही टाकण्याची शक्यता फक्त ३६ टक्के. गर्दीत ब्लफ नकोच.

चांगली जागा कशी दिसते? फ्लॉपवर (मधले पहिले तीन सामाईक पत्ते) इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट दुर्री. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक चौकी. रिव्हरला (पाचवा, शेवटचा) बदाम तिर्री. तुमच्याकडे इस्पिक एक्का आणि बदाम राणी. प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधी) रेझ (बेट वाढवणं) तुमचा, फ्लॉप आणि टर्नलाही बेट तुमचीच. फ्लश (एकाच चिन्हाचे, इथे इस्पिकचे, पाच पत्ते) हुकला, पण सर्वात मोठा फ्लश दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही, आणि तुमच्याकडे तो असल्याची गोष्ट सुरुवातीपासून जुळते. राजा-गुलामवाल्याला इथे घाम फुटतो. लहान फ्लशवाला मात्र बहुधा कॉल करतोच, म्हणजे तेवढेच पैसे घालून पत्ते बघतोच.

समोरच्याकडे ४,००० च उरले असतील तर हात आवरा. तुमची बेट धरून २०,००० झालेल्या पॉटसाठी ४,००० घालायला त्याला साधारण १७ टक्के आशा पुरते. आणि नुकताच मोठा पॉट हरून चिडलेला माणूस? तो बघायलाच बसलेला असतो.