बंद पडलेली हार्ड डिस्क: खोडरबर, मल्टीमीटर आणि फ्रीजचं काय?

डिस्क वाचवायची नसते, डेटा वाचवायचा असतो. घरगुती उपायांनी डिस्क परत फिरायला लागली तरी ती बरी झाली असं मी धरत नाही. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दुसरी, मोठी आणि रिकामी डिस्क तयार ठेवतो. 1 टीबीचा डेटा काढायचा तर निदान 1.5 टीबी तरी मोकळी जागा हवी. हे नसेल तर बंद डिस्कला हात लावत नाही, कारण चालू झालेली डिस्क किती वेळ चालेल याची खात्री कोणीच देत नाही.

आधी कान लावायचा. डिस्क मुळीच फिरत नाही, आवाज नाही, कंप नाही, तर दोष बहुतेक वेळा खालच्या हिरव्या बोर्डावर असतो आणि तो घरी सुटण्यासारखा असतो. फिरते, पण टक-टक करते किंवा क्षमता भलतीच दाखवते, तर बोर्ड आणि हेड (डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) यांच्यामधले संपर्क बघायचे. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधून बारीक ‘पीं-पीं’ येत असेल, तर हेड प्लॅटरला, म्हणजे डेटा असलेल्या तबकडीला, चिकटलेलं असू शकतं. मोटर जोर लावते, पण प्लॅटर हलत नाही. तिथे घरगुती उपाय संपतात. हाताने झटका देऊन बघू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क थेट रिकव्हरीवाल्याकडे द्या.

मुकी झालेली 3.5 इंची डिस्क आली की मी पहिला प्रश्न अडॅप्टरचा विचारतो. बाहेरच्या केसिंगला (डिस्क घालून यूएसबीने जोडायच्या डब्याला) 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरची गोल पिन पुष्कळदा त्यात बरोबर बसते. केसिंग तो पुरवठा 12 व्होल्टच्या लाइनवर तसाच पुढे ढकलतं. बोर्डावर पॉवर कनेक्टरशेजारी टीव्हीएस डायोड असतात, सहसा एक 12 व्होल्टसाठी आणि एक 5 व्होल्टसाठी. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की डायोड वाहू लागतो आणि फारच ताण आला तर स्वतः शॉर्ट होऊन बसतो. मोटर आणि कंट्रोलर वाचतात ते त्याच्यामुळे. अशी डिस्क पीसीला जोडली की एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) पंखा जरासा हलून थांबतो, पीसी चालूच होत नाही. ही खूण दिसली की निम्मं निदान झालं.

खात्रीसाठी डिस्क सगळ्यापासून सोडवून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सापडली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवायचा. डिस्कच्या साटा पॉवर कनेक्टरच्या (वीज येते त्या रुंद जोडणीच्या) 15 पिनांपैकी 4 ते 6 ग्राउंड, 7 ते 9 वर 5 व्होल्ट, 13 ते 15 वर 12 व्होल्ट. ग्राउंड आणि 12 मध्ये दोन्ही दिशांनी बीप आला, रेझिस्टन्स एक-दोन ओहमच्या आत असला, तर डायोड गेला असं समजायला हरकत नाही. नंतर तेच 5 व्होल्टच्या लाइनवर.

बोर्ड काढायला टी-6 बिट लागतो, काही डिस्कना टी-8. साधा चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नसतं. बोर्ड सुटल्यावर डायोडच्या दोन्ही टोकांना शिसं-कथलाची जास्तीची तार वितळवून मोठे थेंब द्यायचे, सोल्डरिंग आयर्न 350 अंशांवर ठेवून आलटून-पालटून दोन्ही थेंब गरम करायचे आणि चिमट्याने डायोड उचलायचा. ओढायचं नाही. ओढलं की तांब्याचा पॅड सोबत येतो. डायोड निघाल्यावर पुन्हा मोजायचं. शॉर्ट तसाच राहिला तर मोटर चालवणारी चिप जळलेली असण्याची शक्यता जास्त. तिच्यावर फोड किंवा तडा आहे का ते भिंगाखाली बघावं. शॉर्ट गेला, तर डिस्क फक्त खात्रीच्या एसएमपीएसवर चालवायची. आता तिला संरक्षण उरलेलं नाही, तेव्हा ते केसिंग पुन्हा वापरायचं नाही.

बोर्ड जळला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून बघू, हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. आजच्या डिस्कमध्ये तो एकटा चालत नाही. त्या विशिष्ट डिस्कच्या हेडसाठी जुळवलेली माहिती बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप जुन्या बोर्डावरून नव्यावर न्यावी लागते. काही बोर्डांवर ती वेगळी नसतेच, मुख्य चिपच्या आत असते. तिथे घरच्या घरी करण्यासारखं काही नाही.

टक-टक करणाऱ्या किंवा मधूनच गायब होणाऱ्या डिस्कचा बोर्ड उलटा करून बघा. हेडच्या स्प्रिंग पिना जिथे टेकतात ते चकचकीत असायला हवेत असे छोटे पॅड काळे-तपकिरी दिसतील. शिसंविरहित बोर्डांवर पुष्कळदा चांदीचा पातळ मुलामा असतो आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळी पडते. नाल्याकाठचं घर, कारखान्यांचा पट्टा, खाडीचा वास येणारा मजला, इथे हे लवकर होतं. पांढरं, मऊ, पेन्सिलचं खोडरबर घ्यायचं. शाई खोडणारं निळं टोक नको, त्यात कच असते आणि ती मुलामाच खरवडते. हलक्या हाताने पॅड उजळेपर्यंत घासायचं, भुगा मऊ ब्रशने झाडायचा, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. हॅन्ड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. डिस्कच्या बाजूच्या स्प्रिंग पिनांना खोडरबर लावायचं नाही, त्या वाकतात. अल्कोहोल पूर्ण वाळल्यावर बोर्ड बसवायचा आणि स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळायचे. घासूनही टक-टक थांबली नाही तर दोष हेडमध्ये आहे. तेव्हा वीज काढून घ्यायची, ‘अजून एकदा’ करायचं नाही.

आता फ्रीज, म्हणजे बंद डिस्क फ्रीजमध्ये ठेवून मग चालू करून बघायचा उपाय. थंडीने धातू आकसून अडकलेला भाग सुटतो, या कल्पनेत जुन्या डिस्कपुरतं थोडं तथ्य होतं, कारण त्यांची हेड बंद होताना प्लॅटरवरच टेकत. हल्लीच्या बहुतेक डिस्कमध्ये हेड प्लॅटरबाहेरच्या उतरंडीवर जाऊन बसतात. शिवाय पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं. हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे दवाचा थेंब म्हणजे दगडच. तापल्यावर अडणारी डिस्क असेल तर टेबलफॅन पुरतो.

डिस्क चालू झाली की विंडोज सुरू करायचं नाही. ते डिस्क दिसताच तपासायला आणि लिहायला लागतं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पीसी चालू करणाऱ्या) डीडीरेस्क्यू चालवतो. हा प्रोग्राम बिघडलेल्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. डिस्क थेट साटा पोर्टला, यूएसबी मधे नको. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारं सगळं उचलायचं, खराब जागा खरवडायचा टप्पा बंद ठेवायचा. नकाशा फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची त्याची नोंद) वेगळ्या डिस्कवर जतन करायची, म्हणजे काम मधेच थांबलं तरी तिथूनच पुढे चालतं. चांगल्या डिस्कवर 120 एमबी प्रतिसेकंदाच्या वेगाने 1 टीबीला सव्वादोन-अडीच तास लागतात. वेग एमबींवरून केबींवर उतरला तरी ती फेरी पुरी होऊ द्यायची, मग खराब जागांसाठी दुसरी, उलट्या दिशेने.

स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) 5, 197 आणि 198 या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर प्लॅटर ढासळतोय. फक्त 199 वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. कित्येकदा दोष तेवढाच असतो. फाइली नंतर मूळ डिस्कवरून नाही, त्या प्रतिमेवरून टेस्टडिस्क या प्रोग्रामने शोधायच्या. फोटोरेक हा दुसरा प्रोग्राम शेवटी, कारण त्यात फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात.