नाव सोडून काहीही

चंगीज खानाचं प्रदर्शन बघायला नांतला चाललेय म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला, "तो फ्रान्सला कधी गेला होता?" गेला नव्हताच. १२४१ साली मंगोल फौजा हंगेरीपर्यंत धडकल्या, त्याही त्याच्या नातवाच्या, बातूच्या, हाताखाली. आजोबा १२२७ मध्येच वारले होते.

तरी मला जायचंच होतं, कारण या प्रदर्शनामागची भानगड. नांतमधलं, ब्रिटनी या फ्रेंच प्रांताच्या ड्यूकांच्या जुन्या किल्ल्यातलं हे संग्रहालय आधी चीनच्या ताब्यातल्या इनर मंगोलियातल्या होहोत शहराच्या संग्रहालयाशी मिळून ते भरवणार होतं. २०२० मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी कळवलं, तीन शब्द गाळा: 'चंगीज खान', 'मंगोल' आणि 'साम्राज्य'. म्हणजे लग्नपत्रिका छापा, पण वर-वधू आणि विवाह एवढं तेवढं काढा! पुढे नकाशे, माहितीपत्रकं, सगळा मजकूर आमच्या नजरेखालून गेला पाहिजे, अशीही मागणी आली. संचालक बेर्त्राँ गिये यांनी सरळ काम थांबवलं. मग मंगोलियाशी बोलणी झाली, वस्तू तिथून मागवल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दारं उघडली. शीर्षक काय, तर 'चंगीज खान: मंगोलांनी जग कसं बदललं'. तीनपैकी दोन शब्द थेट पाटीवर. मला हा खट्याळपणा फार आवडला.

आत मी रेंगाळले ती बाणांच्या टोकांपाशी. काही रुंद, पसरट, काही सुईसारखी निमुळती. गंजून काळपट पडलेली, पण धारेचा अंदाज येतोच. मंगोलांनी उद्ध्वस्त केलेल्या बुखारा, समरकंद, निशापूर या शहरांतल्या लोकांनी हीच टोकं समोरून पाहिली असणार. टपालाचे घोडे, व्यापारी रस्ते, सगळ्या धर्मांना मोकळीक हे कौतुक खरं आहे, पण ते वाचताना मान डोलवायला मी जरा वेळ घेतला.

खुद्द चंगीजचं काय उरलंय? थडगं सापडलेलं नाही. विरळ दाढीचं, शांत चेहऱ्याचं जे चित्र सगळीकडे दिसतं, ते तैपेईत आहे आणि तो गेल्यावर काही दशकांनी काढलेलं. चेहरा नाही, कबर नाही. उरलंय ते नाव. आणि नेमकं तेच लोकांना खुपतं. खुद्द मंगोलियातही सोव्हिएत छायेतल्या काळात ते खुपलं होतं. १९६२ मध्ये त्याच्या जन्माची आठशे वर्षं म्हणून स्मारक उभारलं, टपाल तिकिटं काढली. मॉस्कोची भुवई उंचावताच तिकिटं मागे घेतली आणि सोहळ्याचा पुरस्कार करणाऱ्या तोमोर-ओचिर या बड्या नेत्याचं पद गेलं.

आता सगळी कसर भरून काढणं चाललंय. विमानतळाला त्याचं नाव, नोटांवर त्याचा चेहरा, उलानबातरजवळ घोड्यावर बसलेला चाळीस मीटर उंच पोलादी पुतळा. व्होडकाही त्याच्याच नावाची.